नमद्याचा मुरंबा

"आगं, पावनी म्हनाली मला! माज्याच घरात, माज्याच बाकड्यावर बसवून!"

"कोन? तुजी सून?"

"सून कशाला म्हंतीया! ती लई पोचल्याली. यागोदा म्हनाली, माजी नात. पन पोराच्या तोंडात शब्द कोन घालतंय, त्ये काय मला कळत न्हाई व्हय?"

दोब्रिला कुंपणापलीकडं पत्र्यावर लाल ढब्बू मिरच्या भाजत उभी होती. हिवाळ्याच्या चटणीचे दिवस, गावभर धूर. एक मिरची तिनं बोटानंच उलटी केली, बोट चोखलं आणि म्हणाली, "विदे, भातुकली ती. काल त्याच पोरीनं माज्या कुत्र्याच्या गळ्यात टावेल बांदून त्येला पाद्री केला. कुत्र्यानं काय मनाला लावून घेतलं न्हाई."

"कुत्र्याला लाज न्हाई. मला हाय."

"बरं, झालं तरी काय?"

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी दुपारी यागोदानं स्वयंपाकघरात पाहुणचार मांडला. कॉफीचे कप, पावाचे काप, चीजचे थर लावलेली गिबानित्सा, सगळं नमद्याचं, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचं, आणि सगळं आजीनंच, म्हणजे विदोसावानंच, हातानं शिवलेलं. चुलीच्या अंगाला तिनं अस्वल बसवलं, एका डोळ्याची बाहुली बसवली, बापाची टोपी ठेवली, आईचा ॲप्रन घडी करून ठेवला. दाराच्या अंगाला आजी. मग तबक दोन्ही हातांत धरून, जीभ बाहेर काढून, जपत जपत ती आली आणि सगळ्यांत आधी आजीपुढं उभी राहिली. तबकात मुरंब्याची वाटी, चमचा आणि पाण्याचा पेला.

आता हे तर आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. दारात आलेल्याला आधी चमचाभर मुरंबा आणि पेलाभर पाणी, मग कॉफी, मग काय असेल ते बोलणं. घरच्या माणसाला तबकातून मुरंबा कुणी देत नाही. घरच्यानं फडताळ उघडावं, बरणीत बोट घालावं आणि शिव्या खाव्यात. तबक पुढं आलं की समजायचं, आपण पाहुणे. आणि पाहुण्याला आल्या वाटेनं जावं लागतं.

"आगं, मी घरची हाय," विदोसावा म्हणाली होती. "मी तिकडं चुलीपाशी बसती. अस्वलाला दे."

"न्हाई," पोरगी म्हणाली. "अस्वल घरचं. तू पावनी. पावनीला आदी मुरंबा."

तेवढ्यात मोरीपाशी भांडी घासणाऱ्या सुनेच्या, नेवेनाच्या, हातातला डाव खणकन खाली पडला.

"त्यो डाव," विदोसावा आता दोब्रिलाला म्हणाली, "त्यो डाव खोटं बोलत न्हाई."

"साबनाचा हात, दुसरं काय."

"साबन तिच्या हाताला रोज आसतोय. डाव कालच का पडला?"

दोब्रिलानं मिरच्या उलटल्या. विदोसावाशी वाद घालणं म्हणजे शेळीला दाढी करायला बसवणं, हे तिला शेजारात आल्यापासून ठाऊक होतं.

संशय विदोसावाला काही म्हातारपणी जडला नव्हता. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा पहिल्याच सकाळी तिला साखरेच्या बरणीवर सासूनं ओढलेली रेघ दिसली. दुसऱ्या सकाळी तिनं त्या रेघेच्या शेजारी आपली एक रेघ ओढली. सासू काय समजायचं ते समजली. पुढं म्हातारी मरेपर्यंत दोघींनी एकमेकींवर अशी पाळत ठेवली, की घरातनं कधी एक अंडं इकडचं तिकडं झालं नाही. नवरा मिलोये मात्र भोळा सांब. त्याच्या दारूच्या बाटलीला विदोसावानं लाल दोरा बांधला होता, आज दारू कुठवर होती हे उद्या कळावं म्हणून. तो बिचारा बारा वर्षं समजत होता की दोरा शोभेचा आहे.

जवळच्या चाचाक शहरात तेव्हा सपाता करायचा एक कारखाना होता. तिथं विदोसावा नमदा कापायला होती. साचा ठेवायचा, खडूनं आखायचं, कात्री चालवायची. मापापेक्षा सुतभर जास्त कापलं की मुकादम ओरडे, कमी कापलं की गिऱ्हाईक. कारखाना बंद पडला त्या आठवड्यात ज्याला जे हाताला लागलं ते त्यानं उचललं. कुणी शिवणयंत्र नेलं, कुणी दारांची कुलपं काढून नेली. विदोसावानं चिंध्यांची पोती बसवर चढवली. गाव हसलं. "पगाराच्या बदल्यात चिंद्या आनल्या," असं तिचा सख्खा दीर चारचौघांत म्हणाला. तिनं पोती माळ्यावर टाकली, कसर लागू नये म्हणून आत अक्रोडाचा पाला घातला, आणि दिराला पुन्हा कधी दुसरी वाटी वाढली नाही.

पुढं नात झाली. ती पोरगी तीनेक वर्षांची असताना भातुकली खेळता खेळता आलुबुखाराची बी नाकात घालून बसली. घरात बोंबाबोंब. दालिबोरनं, म्हणजे विदोसावाच्या लेकानं, तिला पाय धरून उलटी टांगली. नेवेना रडायला लागली. विदोसावानं मिरपुडीची चिमूट पोरीच्या नाकाखाली धरली आणि बी शिंकेबरोबर भिंतीवर जाऊन आपटली. त्याच दिवशी म्हातारी माळ्यावर चढली. जांभळ्या नमद्याच्या चार पाकळ्या कापल्या, काजटाक्यानं जोडल्या, लोकरीची चिंधोटी ठासून भरली आणि देठापासून बुडापर्यंत एक दोरा आवळून फळावरची घळ पाडली. पोरीनं ते चावून बघितलं, आपटून बघितलं, त्यावर बसून बघितलं. फळाला काही झालं नाही.

मग घरातलं एकेक सगळं नमद्यात आलं. नमद्याचं एक बरं असतं, कापलं तरी कडेला दशा सुटत नाहीत. पण भरायला हात पाहिजे. पिचपिचीत भरलेली मिरची पोर हातात धरत नाही. त्याला ती नासकी वाटते. मुरंब्यात तिनं तांबड्या नमद्याच्या चेरी केल्या आणि पाक दिसावा म्हणून मेलेल्या मिलोयेच्या कोटाचं चकचकीत अस्तर फाडून वाटीत बसवलं. कोट तसाही दालिबोरला आखूड होत होता.

हे सामान चाचाकच्या एका बालवाडीतल्या बाईंनी बघितलं. बाई मूळच्या बेलग्रेडच्या. त्यांनी पोरांसाठी चहापानाचा संच मागितला. विदोसावा दचकली. "चहा? का वो, पोरं आजारी पडल्यात का काय?" आपल्याकडं चहा ताप आलेल्याला देतात. बाई म्हणाल्या, परदेशात पोरं चहाच्याच मेजवान्या करतात. "म्हंजे तिकडं सगळीच आजारी," असं म्हणून विदोसावानं किटली शिवून दिली, पण शेजारी कॉफीचं भांडंही शिवलं. पोरांनी किटलीत खडे भरले आणि कॉफीच्या भांड्यासाठी मारामाऱ्या केल्या. तेव्हापासून तिला कामाची कमी नव्हती. ती खिडकीपाशी बसून शिवे. उजेडासाठी, असं ती सांगे. फाटकही त्याच खिडकीतून दिसे.

आणि आता त्याच सामानातून तिच्यापुढं तबक आलं होतं.

एकदा बोट घातलं की उसवण वाढतच जाते. तिला मागच्या पंधरवड्यातलं एकेक आठवायला लागलं. दालिबोर टेप घेऊन तिचं अक्रोडाचं कपाट मोजत होता. ती आत आली तसा टेप खिशात गेला. "काय करतुयास रं?" "काय न्हाई आये, उगंच." उगंच कुणी कपाट मोजतं? नेवेना फोन आला की आलुबुखाराच्या बागेत पार शेवटच्या झाडापर्यंत चालत जायची. तिथं तर आवाजही धड येत नाही. आणि खोपटामागं रिकामी खोकी. दुकानातली, चांगली जाड, एकात एक घालून, वर पोतं झाकून.

एकेक दोरा ओवला तसं तिला सगळं लख्ख दिसलं. तिला म्हाताऱ्यांच्या आश्रमात टाकायचं ठरलं होतं. खोकी तिच्या कपड्यांची. कपाट मोजलं ते तिच्या खोलीतून काढायला. आणि त्या खोलीत येणार क्राल्येवोहून नेवेनाची आई, ती आखडू, जी कधी सरळ बोलत नाही. अशी उदाहरणं गावात नव्हती असं नाही. वरच्या आळीतल्या रादेंकाच्या सासूला 'हवापालट' म्हणून नेली, आणि महिना व्हायच्या आत तिच्या खोलीत अंडी उबवायचं यंत्र लावलं.

"मंग सरळ इचार की सुनेला," दोब्रिला म्हणाली.

"इचारलं की मानूस सावद व्हतंय. मला खरं पायजे, उत्तर नगं."

म्हणून तिनं गळ टाकायचं ठरवलं. बालवाडीचं काम बाजूला ठेवून ती घेवडा शिवायला बसली. घेवड्याचं कालवण म्हणजे घरचं खाणं. ते पाहुण्याच्या ताटात कुणी घालत नाही. पांढऱ्या नमद्याचा एकेक दाणा नखाएवढा, मधे किंचित वाकडा, कडेनं बारीक धावदोरा. डोळ्यांतून पाणी आलं. दाणे झाल्यावर तपकिरी मडकं, मडक्यात लाल तिखटाच्या रंगाचा रस्सा. असं काम तिनं पैसे देणाऱ्यांसाठीही केलं नव्हतं.

यागोदा मडकं बघून नाचली.

"ह्ये कुनाला वाडायचं ग?" विदोसावानं सहज विचारल्यागत विचारलं. नजर सुईवर.

"घरच्यास्नी." पोरीनं अस्वलाला वाढलं, बाहुलीला वाढलं, टोपीपुढं ढीग घातला, ॲप्रनपुढं थोडा.

"आन मला?"

"तुला मुरंबा. मंग कॉफी."

"मला घेवडा का न्हाई?"

"आगं आज्जे!" पोरीला तिच्या अडाणीपणाची कीवच आली. "घेवडा खाल्ला की मान्सं पादत्यात. पावन्यांनी पादायचं आसतंय व्हय?"

विदोसावानं नमद्याचा मुरंबा खाल्ला, नमद्याचं पाणी घटघट प्यायलं, चमचा रिवाजाप्रमाणं पेल्यात उभा ठेवला.

"आन सपाता काड," पोरगी म्हणाली. "फरशी नवी हाय."

म्हातारीनं खाली बघितलं. स्वयंपाकघरात सिमेंट होतं, ते पण मिलोयेच्या हातून एकदा कुऱ्हाड पडली तिथं तडकलेलं.

"कुठली फरशी ग?"

यागोदानं दाराकडं बघितलं. मग ओठ आत ओढून घेतले. "खेळातली."

म्हणजे फरशीसुद्धा बसवणार. म्हातारी उंबऱ्याबाहेर गेली की लगेच.

त्या दिवशी संध्याकाळी विदोसावा खोपटात शिरली. तिथं दारू गाळायची तांब्याची भट्टी होती, मिलोयेच्या बापाच्या वेळची. भट्टीवरचं घुमटासारखं टोपण तिनं उचललं, टोपलीत घातलं, वर कोबीचे गड्डे रचले आणि कुंपणावरून दोब्रिलाच्या हातात दिलं.

"ह्ये काय ग? आगं, पिपातली आलुबुखारं फसफसाय लागल्यात. आठवड्यात गाळाय पायजेत. टोपन न्हाई तर तुजा दालिबोर गाळनार कशात, टोपीत?"

"म्हनूनच. मला आश्रमात टाकलं तरी दर साली टोपनासाठी गाडी पाठवून आनावी लागंल. टोपन कुठं हाय ह्ये फकस्त मला ठावं."

"आन मला."

"तू कुनाला सांगायची न्हाईस."

"मी? माज्या तोंडाला शिवन हाय," दोब्रिला म्हणाली आणि टोपली आत घेऊन गेली.

गाळायचा दिवस उजाडला. दालिबोरनं लाकडं फोडून ठेवली, पिंप उघडलं, वासानं गांधीलमाश्या जमल्या, आणि टोपण नाही. त्यानं खोपट उलटंपालटं केलं. माळा बघितला, कोंबड्यांचं खुराडं बघितलं, विहिरीत डोकावून बघितलं. भट्टीवर टोपण ठोकून बसवलेलं असतं. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. दुपार व्हायला आली तसा तो घामेजलेला स्वयंपाकघरात आला.

"आये, टोपन कुठं ठिवलंस?"

"मला काय ठावं, बाबा? घरच्या मान्सांस्नी इचार. मी तर पावनी."

दालिबोरचा चेहरा पडला. त्यानं नेवेनाकडं बघितलं. नेवेनानं पोरीकडं बघितलं. पोरीनं घेवड्याच्या मडक्यात तोंड घातलं. विदोसावानं तिघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि तिची खात्रीच झाली. दालिबोर टोपी डोक्यावर घालून, कुणाचं टोपण लागतंय का बघायला गावात निघून गेला. नेवेना अंगणात पिंप ढवळायला गेली. पिपात काठी आपटल्याचा आवाज आत येत होता, नेहमीपेक्षा जरा जोरातच.

स्वयंपाकघरात आजी आणि नात उरल्या.

विदोसावा उठली. तिनं बाकड्यावरचं तबक उचललं, त्यात मुरंब्याची वाटी ठेवली, चमचा ठेवला, पेला ठेवला. चुलीपाशी जाऊन अस्वलाला बाजूला सारून उभी राहिली आणि तबक यागोदापुढं धरलं.

"घे. पावनीला आदी मुरंबा."

पोरीनं मान वर केली. "मी न्हाई पावनी."

"तूच. ह्ये घर माजं. मी चुलीपाशी. मी जिला तबक दीन ती पावनी."

"तसं न्हाई!"

"तसंच. घे. न्हाईतर कॉफी न्हाई."

यागोदा रडणाऱ्यांतली नव्हती. त्याबाबतीत आजीवर गेली होती. तिनं पाय आपटला. "आगं आज्जे, ह्ये त्ये घर न्हाईच! तुला खेळताच येत न्हाई!"

"मंग कुठलं घर?"

"आमचं! चाचाकचं! तिसऱ्या मजल्यावरचं! तू आयतवारी बसनं येनार. सपाता काडनार. मंग मी तबक आननार. मीच. आईनं कबूल केलंय. आन आमी हिकडं आलो की आमी पावनं. तवा दे की मला!"

एवढं बोलून तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. मग बोटांच्या फटीतनं म्हणाली, "आईला सांगू नगंस."

"आई दारात हाय," विदोसावा म्हणाली.

पिपातल्या काठीचा आवाज केव्हाच थांबला होता. नेवेना उंबऱ्यात उभी होती, कोपरापर्यंत जांभळी.

विदोसावानं तबक खाली ठेवलं. इतके दिवस ती दारावर पहारा करत होती, आपल्याला कोण आणि कधी बाहेर काढतं हे बघायला. त्या दारातनं दुसरंच कुणी जाणार आहे, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. घर तिचंच राहणार होतं. खोली राहणार होती, चूल राहणार होती. फक्त पाळत ठेवायला त्यात कुणी उरणार नव्हतं.

"कवा?" तिनं विचारलं.

"संत दिमित्रीचा सन झाला की. सनानंतर तुमाला सांगायचं ठरलं हुतं, आत्याबाई."

"कुनी ठरवलं?"

"तुमच्या ल्येकानं. आदी सांगितलं तर सनाच्या पावन्यांम्होरं तोंड फुगवून बसाल, म्हनला."

"बसले आसते," विदोसावा म्हणाली. खोटं कशाला बोला?

"हितल्या शाळंत औंदा एकच प्वार हाय. ही पयलीत जाईस्तवर शाळंला कुलूप लागंल. आन मला तिथं शिवनाचं काम मिळालंय. दालिबोरचं काम तर तिथंच हाय, उलट त्येचा रोजचा बसचा हेलपाटा वाचंल."

"आन तुजी आई?"

"माजी आई? तिचं काय?"

"ती येनार न्हवं हिथं? माज्या खोलीत?"

नेवेना टकामका बघत राहिली आणि मग असली हसली, की हातावरचा लगदा भिंतीवर उडाला. "माजी आई? तुमच्या खोलीत? आवं, ती सनाला येती तवा पानी प्यायलाबी भीती. म्हंती, तुजी सासू पेलं मोजती."

"मोजतीच. मागल्या साली एक कमी भरला."

"त्यो दालिबोरनं फोडला."

"आस्सं," विदोसावा म्हणाली आणि ते मनात नोंदवून ठेवलं. "खोकी?"

"आमच्या भांड्यास्नी."

"कपाट?"

इथं नेवेना जरा अडखळली. "कपाटाचं... त्येला वाटलं, तुमी द्याल."

"द्यायची न्हाई."

"मी त्येला तसंच सांगितलं."

यागोदानं तोंडावरचे हात काढले होते आणि एकदा हिच्याकडं एकदा तिच्याकडं बघत होती, खेळ मोडला की चालू आहे ते कळेना म्हणून. विदोसावानं बाकड्याचा काठ चाचपला. तिला जे विचारायचं होतं ते कपाटाचं नव्हतं, आणि ते विचारताना तिनं सुनेकडं बघितलं नाही.

"म्हंजे मी दारापाशी बसायचं. अनवानी."

नेवेना आत आली, ॲप्रनची घडी उचलून तिनं त्याला हात पुसले आणि अस्वलाच्या शेजारी बसली. "त्ये हिचं खूळ. हिला कुनाला तरी तबक द्यायचंय. नव्या घरात पयला पावना कोन, तर आज्जी, म्हनून दोन आठवडं जीव खातीया माजा. एकदा बसा दारापाशी. एकदा मुरंबा खावा. दुसऱ्या खेपंला तुमाला कोन तबक देतंय? दुसऱ्या खेपंला दुपारचा घेवडा तुमीच टाकायचा. माजा तुमाला कवा पटलाय?"

"तुजा कच्चा ऱ्हातोय."

"ऱ्हातोय."

"मुरंबा कुनी केल्याला?"

"आवं, इकत आनीन. तिथं कुठं..."

"इकतचा!" विदोसावा उठूनच उभी राहिली. आश्रमाच्या संशयानंही ती इतकी तापली नव्हती. "पयल्या पावन्याला इकतचा मुरंबा! लोक काय म्हंतील? माळ्यावर माज्या चेरीच्या बरन्या काय उंदरांसाठी ठिवल्यात? त्या खोक्यात घाल. कागद गुंडाळून घाल. आन किती घातल्यास त्ये मला सांग."

"सांगती."

"आन टोपन दोब्रिलाकडं हाय. कोबीखाली."

"ठावं हाय मला."

विदोसावा जागीच थबकली. "तुला कसं ठावं?"

"दोब्रिलानंच सांगितलं. त्याच सांजंला."

"दोब्रिलानं?"

"व्हय."

"मंग दालिबोरला का न्हाई सांगितलंस? सकाळधरनं त्यो गावभर बोंबलत फिरतोय."

"तुमी सोताहून कवा सांगताय, त्ये बगत हुते," नेवेना म्हणाली.

विदोसावानं सुनेला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, जसं बाजारात गाय घेताना न्याहाळतात. इतकी वर्षं ही बाई एकाच चुलीशी वावरत होती आणि आपल्याला तिचा ठाव लागला नव्हता. मग ती म्हणाली, "जा, घिऊन ये. मी जानार न्हाई. त्या भवानीचं तोंड बगायचं न्हाई मला. आन टोपनावर पोचा पडलाय का त्ये बगून आन. तिच्या घरात कायबी धड ऱ्हात न्हाई."

नेवेना गेली. कुंपणापाशी दोघींचं काहीतरी बोलणं झालं आणि दोब्रिलाचं खिंकाळणं इथवर ऐकू आलं. थोड्या वेळानं दालिबोर परत आला. टोपण भट्टीवर बघून त्यानं टोपी खुंटीला अडकवली. खाली लाकडं सारली आणि काडी लावली. टोपणाच्या सांध्याला पीठ थापायला त्यानं आईला हाक मारली नाही, तेव्हा विदोसावा आपण होऊन बाहेर गेली, त्यानं थापलेलं पीठ खरवडून काढलं आणि नव्यानं थापलं. "जाया निघालास आन अजून वाफ कोंडाया येत न्हाई," एवढंच म्हणाली. तो "व्हय आये" म्हणाला. ते बोलणं तिथंच संपलं.

आत यागोदा बाकड्यावर पाय हलवत वाट बघत होती.

"आज्जे, खेळ संपला का?"

"न्हाई. मुरंबा झाला, कॉफी ऱ्हायली."

विदोसावा दाराच्या अंगाला जाऊन बसली. सपाता काढल्या. सिमेंट गार होतं. पोरीनं कॉफी आणली, तिनं ती फुंकर मारून प्यायली, साखर कमी आहे म्हणाली. पोरगी म्हणाली, पावन्यांनी नावं ठेवायची नसतात. मग तिनं कप परत दिला, सपाता पायात सरकवल्या आणि खिडकीपाशी गेली.

बालवाडीसाठीचे नमद्याचे कोबी घेवड्याच्या नादात मागं पडले होते, आणि बसवाला शुक्रवारी चाचाकला न्यायला सामान मागणार होता. कारखान्यातल्या सपाता कधी हिरव्या नव्हत्या, चिंध्यांच्या पोत्यांत तो रंगच नव्हता, म्हणून हिरवा नमदा तिला विकत आणावा लागे. तिनं नवं कापड उजेडापुढं धरलं. मागच्या खेपेपेक्षा रंग फिका वाटत होता. दुकानदारानं काहीतरी केलं होतं. तिनं कोपरा थुंकी लावून चोळला, बोट बघितलं, पुन्हा चोळला. मग साचा ठेवला, खडूनं पान आखलं आणि कात्री घातली.